संगीतकाराची दृश्य ओळख

गायक, वादक किंवा बँड यांच्या प्रसिद्धीसाठी जे जे लोकांच्या नजरेस पडते, म्हणजे अल्बमचे कव्हर, पोस्टर, छायाचित्रे, व्हिडिओ, संकेतस्थळ, टी-शर्ट, मंचामागचा पडदा, ते सारे एकाच कलाकाराचे आहे हे पाहताक्षणी कळावे म्हणून केलेल्या आखणीला त्या कलाकाराची दृश्य ओळख म्हणतात. नावाची अक्षरे, एखादे चिन्ह, ठरलेले रंग, एक-दोन फॉन्ट, छायाचित्रांची धाटणी आणि मांडणीची शिस्त ही तिची अंगे होत. लोगो हे त्यांतले एकच अंग. तो सगळीकडे छापला की काम झाले, हा समज जितका पसरलेला तितकाच चुकीचा आहे.

ध्वनिमुद्रिका सुरुवातीला साध्या कागदी पाकिटांत आणि बिनचित्राच्या पुठ्ठ्यांत विकल्या जात. अमेरिकेतील कोलंबिया रेकॉर्ड्सचे कलादिग्दर्शक अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४०च्या सुमारास सचित्र कव्हरे सुरू केली. १९४८ मध्ये याच कंपनीने लाँगप्ले तबकडी आणली आणि सुमारे ३० सेंटिमीटरचा चौकोन चित्रकारांच्या हाती आला. एकसंध ओळखीचे पहिले मोठे प्रयोग मात्र कलाकारांपेक्षा ध्वनिमुद्रण कंपन्यांनी केले. ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्स यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९६७ पर्यंत शेकडो कव्हरे रचली. फ्रान्सिस वुल्फ यांनी टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे, त्यांवर एखाद्या रंगाची झाक आणि धीट, ठसठशीत अक्षरे एवढ्याच सामग्रीतून ती उभी राहिली. वादक बदलत गेले, तरी कव्हर दुरूनही ओळखू येई. म्युनिकमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने निसर्गाची शांत छायाचित्रे आणि भरपूर मोकळी जागा यांतून असेच सातत्य राखले.

कलाकारांच्या स्वतःच्या ओळखीची वाट वेगळी आहे. बीटल्सची लांब 'टी' असलेली अक्षरे १९६३ मध्ये लंडनचे वाद्यविक्रेते आयव्हर आर्बिटर यांनी योजली, तीही रिंगो स्टारच्या बास ड्रमच्या दर्शनी कातड्यासाठी. मंचावरच्या बहुतेक छायाचित्रांत ड्रम मध्यभागी येई, त्यामुळे नाव आपोआप छापले जाई. रोलिंग स्टोन्सचे ओठ आणि जीभ हे चिन्ह जॉन पॅश यांनी विद्यार्थिदशेत काढले आणि १९७१ पासून ते वापरात आहे. चिन्हाचा आकार इतका साधा आणि बंदिस्त आहे की त्यात कोणताही रंग भरला तरी ते ओळखू येते. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडसाठी डेरेक रिग्ज यांनी रंगवलेला एडी हा अक्राळविक्राळ प्राणी १९८० मध्ये पहिल्या अल्बमच्या कव्हरवर आला. १९८४ मध्ये तो इजिप्तचा फॅरो झाला आणि १९८६ मध्ये अर्धा माणूस, अर्धे यंत्र. दर वेळी देखावा नवा, पण एडी तोच आणि नावाची टोकदार अक्षरेही तीच. सातत्याचे मर्म इथे स्पष्ट दिसते. दोन-तीन गोष्टी घट्ट धरल्या की बाकीच्या मोकळेपणाने बदलता येतात. सगळेच गोठवले तर तिसऱ्या अल्बमपर्यंत पाहणाऱ्याला ते जुने वाटू लागते.

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या १९७९ सालच्या पहिल्या अल्बमच्या दर्शनी बाजूवर ना नाव होते ना शीर्षक. काळ्या पार्श्वभूमीवर एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांचा पांढऱ्या रेषांचा आलेख तेवढा होता. ती रचना पीटर सॅव्हिल यांची. ते चित्र त्या थंड, रिकाम्या वाटणाऱ्या आवाजाला शोभत होते म्हणून टिकले. दृश्य ओळख संगीतातूनच उगवावी लागते. संगीत न ऐकता, फक्त त्या प्रकारात काय चालते ते पाहून केलेली रचना इतरांच्या गर्दीत हरवते. एक्स्ट्रीम मेटल या रॉक संगीताच्या अतिआक्रमक प्रकारातली झाडाच्या मुळांसारखी पसरलेली अक्षरे बाहेरच्याला वाचताही येत नाहीत, तरी ज्यांच्यासाठी ती काढलेली असतात ते आकारावरून बँड ओळखतात. तेव्हा वाचनीयता हाही सरसकट नियम नाही.

आजची खरी परीक्षा आकारांची आहे. स्ट्रीमिंग सेवांना दिले जाणारे कव्हर बहुधा ३००० बाय ३००० पिक्सेलचे असते, पण फोनच्या यादीत ते नखाएवढे दिसते. तेच चित्र उभ्या व्हिडिओत ९:१६ प्रमाणात, आडव्या बॅनरवर आणि कित्येक मीटरच्या पडद्यावर जाते. म्हणून नावाची अक्षरे आडवी, दोन ओळींची आणि एकरंगी अशा रूपांत, व्हेक्टर फाइलमध्ये, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतील अशा फाइलमध्ये, तयार ठेवतात. जेपीईजी मोठी केली की कडा फाटतात. नाव दोन लिप्यांत लिहायचे असेल तर देवनागरीची शिरोरेषा आणि रोमन अक्षरांची उंची यांचे वजन आधीच जुळवावे लागते. पडद्यावर झळाळणारा निळा किंवा हिरवा चार शाईंच्या छपाईत मंद पडतो. त्यामुळे प्रत्येक रंगाचे पडद्याचे आणि छपाईचे मूल्य वेगवेगळे नोंदवणे आवश्यक ठरते.

ओळख सर्वांत जास्त विस्कटते ती छायाचित्रांत, आणि दुर्लक्षही तिथेच जास्त होते. वृत्तपत्र बातमी छापते तेव्हा ती त्याच्या फॉन्टमध्ये असते. महोत्सवाच्या पोस्टरवर सगळ्यांची नावे आयोजकांच्या अक्षरांत येतात. कलाकाराचे रंग, मांडणी, बरेचदा लोगोसुद्धा गळून पडतो आणि उरते फक्त छायाचित्र. ते एकट्यानेच ओळख सांगू शकले पाहिजे. प्रकाशाची दिशा, पार्श्वभूमी, कपड्यांचे रंग, कॅमेऱ्याचे अंतर हे सारे आधी ठरवून एकाच सत्रात उभी आणि आडवी, दोन्ही छायाचित्रे घेणे त्यामुळे शहाणपणाचे. काहींत मजकुरासाठी मोकळी जागा ठेवतात. प्रसिद्धिमाध्यमांना अक्षरे नसलेली स्वच्छ प्रत द्यावी.

हे निर्णय एक-दोन पानांच्या नियमपत्रात लिहून, फाइलींसह एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात. छपाईवाला, व्हिडिओ संपादक आणि आयोजक यांनी तेथूनच उचलायचे. एरवी प्रत्येक जण इंटरनेटवर सापडेल ती जुनी प्रत वापरतो.

हक्कांचा भाग कोरडा, पण टाळता न येणारा आहे. करारात वेगळे ठरले नसेल तर अनेक देशांत छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहतो, आणि प्रसिद्धीसाठी मिळालेल्या परवानगीत टी-शर्टवर छापून विकण्याची परवानगी असेलच असे नाही. फॉन्टचेही तसेच. संकेतस्थळासाठी, छपाईसाठी आणि विक्रीच्या वस्तूंसाठी परवाने वेगळे असू शकतात. चित्रकाराकडून चिन्ह करून घेताना ते कुठे, किती काळ आणि कोणत्या बदलांसह वापरता येईल हे लेखी ठरवतात. बँड फुटला तर नाव आणि चिन्ह कोणाचे, हे मात्र सदस्यांनी आपसांत वेगळे लेखी ठरवावे लागते.