मुंबई ते लंडन : तेच अंतर, बदलती वाट

मुंबई आणि लंडनचा हीथ्रो या दोन विमानतळांमधले कमीत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सिंध, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्राचा परिसर, दक्षिण रशिया, युक्रेन आणि पोलंड यांवरून जातो. प्रवासी विमानाला मात्र ही वाट क्वचितच मोकळी मिळाली आहे. त्यामुळे इथला प्रवासाचा वेळ जितका विमानाच्या वेगावर, तितकाच वाटेतल्या देशांच्या परवानगीवर ठरत आला आहे.

इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची सेवा सुरू केली, तेव्हा हा प्रवास सात दिवसांचा होता. बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत रेल्वे, पुढे अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान, कैरोपर्यंत पुन्हा रेल्वे आणि तिथून कराचीपर्यंत दुसरे विमान, असे त्याचे टप्पे होते. इराणच्या किनाऱ्यावरून जाण्याची मुभा राहिली नाही, म्हणून १९३२ मध्ये ही वाट आखाताच्या अरबी बाजूला वळवावी लागली आणि शारजा हे मुक्कामाचे ठिकाण झाले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले आणि मुंबई या हवाई वाटेला जोडली गेली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला पोहोचले. बोटीने जिथे दोन-तीन आठवडे लागत, तिथे हा बदल केवढा मोठा होता, याची कल्पना आज करणे कठीण आहे. पंख्यांच्या त्या कॉन्स्टेलेशन विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास होता. १९६० मध्ये आलेल्या बोइंग ७०७ ने तो नऊशेच्या घरात नेला आणि पुढच्या विमानांत अधिक इंधन मावू लागल्यावर वाटेतले थांबेही गळाले.

तेव्हापासून वेग फारसा वाढलेला नाही. आज हा प्रवास साधारण नऊ ते साडेदहा तासांचा आहे. येताना तो बहुधा काहीसा कमी भरतो, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात. राजकारणाचा अडसर मात्र कायम आहे. प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावरचा पूर्ण हक्क १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केला आहे. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. समुद्रावरून आखाताकडे निघता येत असल्याने मुंबईला त्याची झळ दिल्लीपेक्षा कमी बसली. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकचे आकाश एकाएकी बंद झाले, तेव्हा मात्र लंडनसाठी निघालेले विमान काही तास हवेत राहून पुन्हा मुंबईलाच उतरले.