आजाराने गेली की आजारी असताना गेली?

लॉस एंजेलिसच्या सेसिल हॉटेलची २०१३ ची केस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. व्हँकुव्हरहून एकटी फिरायला आलेली २१ वर्षांची विद्यार्थिनी, ३१ जानेवारीनंतर कोणाला दिसली नाही, मग पोलिसांनी तिचा लिफ्टमधला व्हिडिओ सोडला आणि १९ फेब्रुवारीला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तिचा मृतदेह मिळाला. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, ते फार वापरून झालंय.

या केसवर बोलणं निघालं की दोन गट पडतात. एक म्हणतो खून, भूत, काहीतरी दडवलंय. दुसरा म्हणतो, अरे बायपोलर (मन टोकाच्या उत्साहात नाहीतर टोकाच्या उदासीत जातं असा मानसिक आजार) होती ती, संपला विषय. पहिल्या गटाचा त्रास तर झालाच, एका गायकाला उगाच खुनी ठरवून नेटवर इतका छळला की त्याने स्वतःचा जीव द्यायचा प्रयत्न केला. पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्या गटाशी, कारण माझ्या घरात बायपोलर असलेलं माणूस आहे आणि हे "संपला विषय" ऐकलं की पोटात कालवतं.

कोरोनरच्या (म्हणजे मृत्यू कशाने झाला ते तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) रिपोर्टमध्ये मृत्यूचं कारण लिहिलंय पाण्यात बुडणं. प्रकार लिहिलाय अपघात. (आधी "ठरवता येत नाही" अशी खूण होती, ती खोडून नंतर अपघात केलं.) बायपोलर डिसऑर्डरसुद्धा आहे रिपोर्टमध्ये पण ती कारणाच्या जागी नाही, मृत्यूला हातभार लावणारी महत्त्वाची स्थिती म्हणून वेगळी लिहिलीये. लोक नेमके हे दोन एकत्र करतात, कारण आणि हातभार.

आपल्याकडेही ही सोय आहेच. हॉस्पिटलमध्ये माणूस गेला की डॉक्टर फॉर्म ४ भरतात, त्यात दोन भाग असतात, पहिल्यात ज्याने मृत्यू झाला ती साखळी, दुसऱ्यात ज्याने भर घातली पण जे त्या साखळीत बसत नाही ते. समजा फिट येणारा माणूस विहिरीवर पाणी काढायला गेला, फिट आली, आत पडला. गेला तो बुडून. फिटचा हात आहे त्यात, नक्कीच आहे, पण गावात कोणी असं म्हणत नाही की फिट यायची ना, मग ठीके. उलट सगळे विचारतात विहिरीला कठडा का नव्हता, एकट्याला का पाठवला. मनाच्या आजाराच्या बाबतीत हे प्रश्न कोणालाच का सुचत नाहीत?

आणि अजून एक घोळ. मानसिक आजार म्हटलं की आत्महत्या असंच धरून चालतात. इथे तसं ठरवलेलं नाही. बायपोलरमध्ये मॅनिया (अति उत्तेजित अवस्था) चढला की झोप उडते, विचार सुसाट सुटतात, कधी भास होतात, कोणीतरी मागे लागलंय असं अगदी खरं वाटतं, आणि त्या भीतीत माणूस लपायला जागा शोधतो तेव्हा त्याला मरायचं नसतं, वाचायचंच असतं. तिच्या बाबतीत नेमकं काय झालं ते कोणी पाहिलेलं नाही, पण हॉटेलमध्ये तिच्या रूममधल्या मुलींनी तिच्या विचित्र वागण्याची तक्रार केली होती आणि तिला वेगळी खोली दिली होती, आणि ती औषधं नीट घेत नसावी असं तपासात पुढे आलं. म्हणजे बिघडत चाललेलं लोकांना दिसत होतं. त्यावर झालं काय, तर खोली बदलली. मला यात कोणाला दोषी ठरवायचं नाहीये, परक्या शहरात अनोळखी मुलींनी तरी काय करावं, पण हातभार हा शब्द वाचताना मला तीच वेळ आठवते.

टाकीबद्दलही असाच घोळ. झाकण बंद होतं असं आधी सगळीकडे पसरलं, खुनाची थिअरी त्यावरच उभी राहिली, पण ज्या कर्मचाऱ्याला ती सापडली त्याने झाकण उघडं होतं असं कोर्टात सांगितलं. गच्चीच्या दाराला अलार्म होता, पण फायर एस्केपने (आग लागली तर उतरायच्या बाहेरच्या जिन्याने) वर जाता येत होतं. आईवडिलांनी हॉटेलवर केस केली, ती २०१५ मध्ये फेटाळली गेली कारण गेस्टना बंदी असलेल्या जागी असं काही होईल याचा अंदाज हॉटेलला येणं शक्य नव्हतं असं कोर्टाचं म्हणणं पडलं. आईवडील टाकीबद्दल विचारत होते, गच्चीबद्दल विचारत होते. मुलीला आजार आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.