अर्पण, ख्रिस्ती

ख्रिस्ती उपासनेत व जीवनात देवाला उद्देशून दिलेले धन, धान्य, वस्तू, श्रम किंवा स्वतःचे आयुष्य यांस अर्पण म्हणतात. मंडळीच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द बहुधा रविवारी थैलीत टाकलेल्या पैशांपुरता वापरला जातो. शास्त्रीय लेखनात मात्र दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग), प्रथमफळ (पहिल्या पिकाचा वाटा), उपकारस्तुतीचे अर्पण, नवसाचे अर्पण आणि मिस्सेतील (प्रभुभोजनाच्या उपासनेतील) भाकर व द्राक्षारस यांचे अर्पण हे सर्व त्याच्या कक्षेत येते. अर्पणाचे मोल दिलेल्या वस्तूवरून ठरते की देणाऱ्याच्या अंतःकरणावरून, हा या विषयातील सर्वांत जुना वाद आहे.

पूर्वपीठिका : बायबलमधील अर्पणाचा पहिला प्रसंग काइन व हाबेल यांचा आहे (उत्पत्ती ४). देवाने हाबेलचे अर्पण स्वीकारले आणि काइनचे नाकारले. नाकारण्याचे कारण मूळ हिब्रू कथेत दिलेले नाही. ही उणीव नंतरच्या भाष्यकारांनी आपापल्या परीने भरून काढली. हाबेलने कळपातले पहिलेवहिले आणि पुष्ट प्राणी आणले, काइनच्या पिकाबाबत मात्र तसा उल्लेख नाही, यावर अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो याने भर दिला : काइनने उशिरा दिले आणि पहिल्या पिकातले दिले नाही. हिब्रू शास्त्राच्या सप्तती या प्राचीन ग्रीक भाषांतरात तर सातवे वचनच वेगळे आहे. काइनने अर्पण योग्य केले, पण त्याची वाटणी योग्य केली नाही, असा त्याचा आशय असल्यामुळे दोष विधीतला ठरतो. इब्री लोकांस पत्रात (११:४) हाबेलचे अर्पण विश्वासामुळे श्रेष्ठ ठरले आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लियाँचा बिशप आयरेनियस याने या प्रसंगाला पूर्णपणे अंतःकरणाचे वळण दिले. काइनचे बाह्य अर्पण रीतीप्रमाणे होते, पण मनात भावाविषयी मत्सर होता. यज्ञ माणसाला पवित्र करत नाही, देणाऱ्याची शुद्ध सदसद्विवेकबुद्धी यज्ञाला पवित्र करते, असे त्याचे प्रतिपादन आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना या कथेत मेंढपाळ व शेतकरी समाजांमधील तेढ दिसते, परंतु शेतीतले अर्पणही मोशेच्या नियमशास्त्राला मान्य असल्याने हा तर्क फारसा पुढे जात नाही.

लेवीय पुस्तकाच्या पहिल्या सात अध्यायांत होम, अन्न, शांती, पाप आणि दोष यांसाठीची पाच अर्पणे सांगितली आहेत. गरिबाला मेंढराऐवजी दोन पारवे किंवा होले, आणि तेवढीही ऐपत नसल्यास पापार्पणासाठी एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ, अशी उतरती मुभा तेथे आहे (५:७–११). दशांशाच्या तरतुदी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. गणना १८ नुसार दशांश लेव्यांचा (पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या लेवी वंशाचा) असून लेव्यांनी त्याचा दहावा भाग याजकांना द्यावयाचा आहे. अनुवाद १४ नुसार देणाऱ्याने तो पवित्रस्थानी जाऊन कुटुंबासह खावयाचा आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी गावातच ठेवावयाचा आहे. रब्बींनी (यहुदी धर्मपंडितांनी) हे निरनिराळे दशांश मानले. टोबीत या प्राचीन यहुदी पुस्तकातही आणि यहुदी इतिहासकार जोसीफसकडेही तीन दशांशांची परंपरा आढळते. आजचे बहुतेक संशोधक या तरतुदी वेगवेगळ्या काळांतील कायद्यांचे थर समजतात. दशांश चुकवणे म्हणजे देवाला लुबाडणे, ही मलाखी संदेष्ट्याची (३:८–१०) उक्ती आजच्या प्रवचनांत सर्वाधिक ऐकू येते. तिचा रोख मंदिराच्या कोठारातील धान्यावर होता, हे सहसा सांगितले जात नाही.

विधवेची दोन नाणी : मार्क (१२:४१–४४) व लूक (२१:१–४) यांतील हा प्रसंग मनापासून केलेल्या अर्पणाचे प्रमाण उदाहरण मानला जातो. यरुशलेमच्या मंदिरात श्रीमंतांनी दान म्हणून पुष्कळ टाकले. एका दरिद्री विधवेने दोन लेप्टा टाकली, आणि तिने सर्वांहून अधिक टाकले असे येशूने शिष्यांना सांगितले. लेप्टन हे पॅलेस्टाइनमध्ये चालणारे सर्वांत हलके तांब्याचे नाणे. मार्क त्याचे मोल रोमी नाण्यात सांगतो : दोन लेप्टा म्हणजे एक क्वाड्रन्स. एका दीनारात चौसष्ट क्वाड्रन्स असत आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती (मत्तय २०:२). त्यामुळे विधवेचे अर्पण दिवसाच्या मजुरीच्या चौसष्टाव्या हिश्शाइतके होते. नाण्यांच्या बाजारात ‘विधवेची दमडी’ म्हणून विकली जाणारी नाणी बहुतांशी हास्मोनी राजा अलेक्झांडर यानियस (इ. स. पू. १०३–७६) याच्या काळातील किंवा त्यांच्या नंतरच्या नकला असतात. ती येशूच्या काळीही चलनात असावीत, परंतु त्यापलीकडे त्यांचा या कथेशी संबंध जोडता येत नाही.

क्वाड्रन्सच्या उल्लेखावरून मार्कचे शुभवर्तमान रोममध्ये लिहिले गेले असावे, असा तर्क दीर्घकाळ केला जातो. हे नाणे पूर्वेकडे चालत नव्हते, म्हणून रोमी वाचकांसाठीच हा खुलासा केला असावा, असा त्याचा आधार आहे. मात्र मत्तयातही (५:२६) हाच शब्द येतो आणि यहुदी साहित्यातही रोमी नाण्यांची लॅटिन नावे आढळतात. त्यामुळे या एका उल्लेखावर लेखनस्थळ ठरवणे धाडसाचे होईल. मार्कमधील इतर लॅटिन शब्दांसह त्याचा विचार केल्यास मात्र त्याला काही वजन येते.

नाणी नेमकी कशात टाकली, हेही वादग्रस्त आहे. ग्रीक मजकुरातील शब्दाचा अर्थ कोषागार असा होतो, पेटी असाही घेता येतो. मंदिरात तुतारीच्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या, असे मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातील शकालीम प्रकरण (६:५) सांगते. नवे शेकेल (मंदिराच्या वार्षिक कराचे नाणे), जुने शेकेल, पक्ष्यांची दोन प्रकारची अर्पणे, लाकूड, ऊद आणि सोने यांसाठी प्रत्येकी एक, तर उरलेल्या सहा स्वेच्छार्पणासाठी होत्या. विधवेची नाणी या सहांपैकी एखाद्या पेटीत पडली असावीत, असे बरेच भाष्यकार मानतात. मिश्नाचे संकलन इ. स. २०० च्या सुमारास, म्हणजे मंदिराच्या विध्वंसानंतर (इ. स. ७०) शतकाहून अधिक काळाने झाले, हे ध्यानात ठेवून ही माहिती वापरावी. दान करताना तुतारी वाजवू नका (मत्तय ६:२) या उपदेशाचा संबंधही काहींनी या पेट्यांशी लावला आहे. तेथे साधी अतिशयोक्ती आहे असे समजणे अधिक सयुक्तिक. मिश्नाच्या त्याच प्रकरणात (५:६) मंदिरातील एका गुप्त दालनाचा उल्लेख आहे. पापभीरू लोक तेथे गुपचूप दान ठेवत आणि घरंदाज गरीब त्यातून गुपचूप घेत. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण त्यामुळे तत्कालीन यहुदी धार्मिकतेला परकी ठरत नाही. लेवीय रब्बा या मिद्राशमध्येही (यहुदी भाष्यग्रंथातही) मूठभर पीठ आणणाऱ्या स्त्रीला याजकाने हिणवल्याची कथा आहे. तिला तुच्छ लेखू नकोस, तिने जणू स्वतःचा प्राणच अर्पण केला आहे, असे त्याला स्वप्नात सांगितले जाते.

येशूने विधवेची स्तुती केली, हा परंपरागत अर्थ १९८२ मध्ये ॲडिसन राइट या अमेरिकन अभ्यासकाने नाकारला. या प्रसंगाच्या लगेच आधी शास्त्री (नियमशास्त्राचे पंडित) ‘विधवांची घरे गिळतात’ अशी टीका आहे आणि नंतर मंदिराच्या नाशाचे भाकीत आहे. म्हणून येशूचे शब्द हे कौतुक नसून, गरिबाला शेवटची दमडी टाकायला लावणाऱ्या व्यवस्थेविषयीचा खेद आहेत, असे त्याचे म्हणणे. मागचापुढचा संदर्भ राइटच्या बाजूने असला, तरी मूळ वाक्यात विधवेच्या व श्रीमंतांच्या देण्याची थेट तुलना आहे आणि तीत विधवेचे पारडे जड आहे. व्यवस्थेवर टीका आणि तिच्या निष्ठेचा गौरव ही दोन्ही एकत्र वाचणारे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. निधिसंकलनाच्या प्रवचनात मात्र पहिली बाजू हटकून गळते.

प्रारंभीची मंडळी : भावाशी समेट करून मगच वेदीवर अर्पण करावे, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे (मत्तय ५:२३–२४). प्रेषित पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे, असे तो सांगतो (१ करिंथ १६:२). दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, देवाला आनंदाने देणारा आवडतो (२ करिंथ ९:७), या वचनामागे नीतिसूत्रांच्या ग्रीक भाषांतरातील एक ओळ (२२:८) आहे. हिब्रू मूळात ती नाही. पौलाने दशांशाचा उल्लेख कोठेही केलेला नाही.

इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की ज्यांची ऐपत व इच्छा आहे ते हवे तेवढे देतात आणि अध्यक्ष त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परदेशी यांना साहाय्य करतो. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन (सु. १९७) मासिक वर्गणीचे वर्णन करतो : इच्छा असेल तर आणि जमेल तर. प्रेषितीय परंपरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात आशीर्वादासाठी आणावयाच्या फळांची यादीच आहे. द्राक्षे, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, बदाम चालतात; भोपळा, काकडी, कांदा, लसूण चालत नाहीत; फुलांत गुलाब आणि लिली एवढीच. हा ग्रंथ रोमच्या हिपोलिटसने इ. स. २१५ च्या सुमारास लिहिला, असे विसाव्या शतकात मानले जाई. आता मात्र तो दुसऱ्या ते चौथ्या शतकांतील निरनिराळ्या थरांचा असावा, या मताकडे कल आहे. त्यामुळे ही यादी कोणत्या मंडळीची व कधीची, हे नक्की करता येत नाही.

दशांश आणि कायदा : स्वेच्छेचे अर्पण हळूहळू सक्तीचे देणे झाले. फ्रान्समधील मॅकाँ येथील दुसऱ्या धर्मसभेने (५८५) दशांश न देणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा सांगितली. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या हेर्स्टल येथील फर्मानाने (७७९) त्याला राजसत्तेचे पाठबळ मिळाले. फ्रान्समध्ये क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, १७८९ मध्ये, दशांश रद्द करण्याचा निर्णय झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्यरूपी दशांशाचे रोख रकमेत रूपांतर केले. आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांनी प्रॉटेस्टंट चर्चला दशांश देण्यास नकार दिल्याने १८३० च्या दशकात रक्तपात झाला.

उपासनेतील स्थान : रोमी मिस्सेत पूर्वी भाविक मिरवणुकीने अर्पणे वेदीकडे नेत, ही समजूत जुन्या संदर्भग्रंथांत आढळते. सु. ७०० च्या पहिल्या रोमी विधिसंहितेत मात्र पोप व त्याचे सेवक लोकांच्या जागी जाऊन अर्पणे स्वीकारतात. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२३ च्या उपासनाक्रमातून अर्पणविधीच्या प्रार्थना वगळल्या, कारण त्यांतून मिस्सा हा माणसाने देवाला केलेला यज्ञ ठरतो असे त्याचे मत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (१९६२–६५) सुधारित मिस्सेत भाविकांनी भाकर व द्राक्षारस पुढे आणण्याची प्रथा रुजली.

भारतातील प्रघात : मिझोराममधील प्रेस्बिटेरियन स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतात. ‘बुहफाई थाम’ नावाची ही प्रथा १९१० पासूनची मानतात आणि तेथील चर्चच्या उत्पन्नाचा ती एक आधार आहे. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांनी आपल्या पाळकांचा खर्च स्वतःच्या अर्पणातून करावा, हा आग्रह एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसतो. मिशनची मातृसंस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांच्या १८५४–५५ मधील भारतभेटीने त्याला जोर आला. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सुगीच्या सणाला धान्य, भाज्या, कोंबड्या असे जिन्नस आणतात; उपासनेनंतर त्यांचा लिलाव होऊन रक्कम मंडळीच्या निधीत जाते. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन कॅथलिकांच्या आगेरा उत्सवात ऑक्टोबरमध्ये भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो. गोव्यातील कोणसांचें फेस्त (कणसांचा सण) त्याच प्रकारचे असून राय येथे ते ५ ऑगस्टला, ताळगाव येथे २१ ऑगस्टला होते. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमध्ये सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळ, घर वाहण्याची पद्धत नवसाच्या अर्पणात मोडते. वाहणाऱ्यांत ख्रिस्तेतरही मोठ्या संख्येने असतात.