घरात लहान मुलं आहेत? मग आगीची तालीम करा

आज आमच्या माणसाने तुमच्या स्वयंपाकघराबाहेर आग विझवायचा लाल सिलिंडर लावून दिला आणि तो कसा चालवायचा हे मोठ्यांना दाखवलं. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची. हे काम मोठ्यांचं. मुलांना सिलिंडरला हात लावायला शिकवू नका. त्यांनी एकच करायचं: आग किंवा धूर दिसला की ओरडत बाहेर पळायचं.

सांगायला सोपं आहे, पण घाबरलेलं लहान मूल बरेचदा पळत नाही, लपतं. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे. धुरात शोधायला याहून वाईट जागा नाहीत. म्हणून नुसतं तोंडी बजावून भागत नाही, करून घ्यावं लागतं.

तालीम अशी घ्या

सुटीच्या दिवशी, मुलांना आधी सांगून. अचानक घाबरवण्यात काही अर्थ नाही. मुलांनी पलंगावर झोपायचं, एकाने ताट बडवत ‘आग, आग’ ओरडायचं. उठून थेट दाराकडे. दप्तर, खेळणी, चपला काही घ्यायचं नाही. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते. तेव्हा दोघांनी एक चादर कमरेच्या उंचीवर ताणून धरा, ‘हा धूर’ म्हणा आणि मुलांना तिच्याखालून रांगत जाऊ द्या. हा भाग पोरं पुन्हा पुन्हा करायला मागतात. करू द्या! फक्त त्याची लपाछपी होऊ देऊ नका.

पुढे जिन्याने खाली. लिफ्ट नाही. भेटायची जागा एकच ठरवा, गेटजवळचं झाड म्हणा किंवा वॉचमनची केबिन. बंब आत येतो त्या वाटेवरची नको. बाहेर पडल्यावर परत आत जायचं नाही, बाहुलीसाठी नाही की मांजरासाठी नाही. कोण आत राहिलं ते मोठ्यांना सांगायचं.

रात्रीचा विचार वेगळा करा. लहान मुलं इतकी गाढ झोपतात की अलार्म वाजला तरी उठतील याचा भरवसा नाही. धाकट्याला कोण उचलणार, आजींना कोण धरणार, हे आजच ठरवून ठेवा.

दार आणि ग्रिल

घरोघरी काम करताना आम्हाला सगळ्यात जास्त हेच खटकतं. पोर बाहेर पळू नये म्हणून सेफ्टी डोअरला आतून कुलूप आणि किल्ली ऑफिसच्या पँटच्या खिशात. खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप असते, पण तिचं कुलूप गंजून बसलेलं, पुढ्यात कुंड्यांची रांग. किल्ली दाराजवळ खिळ्यावर टांगा, मुलाचा हात पोचणार नाही पण मोठ्याला अंधारात चाचपून सापडेल इतक्या उंचीवर. कुलपात अधूनमधून तेल सोडा. ग्रिलला झडपच नसेल तर फॅब्रिकेटरकडून करून घ्या. आमच्या सिलिंडरआधी तो खर्च करा असं आम्ही दुकानदार असूनही सांगतो.

बंद दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने चाचपा. तापलेलं असेल तर उघडू नका. फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीत किंवा गॅलरीत उभे राहून हाका मारा.

गॅस आणि भाजणं

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, फरशीलगत साचतो, म्हणजे रांगतं बाळ असतं तिथेच. वास आला की मुलाने दिव्याचं बटण न दाबता मोठ्यांना हाक मारायची आणि बाहेर जायचं. मोठ्यांनीही बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. आगीसाठी १०१ किंवा ११२. मुलांकडून हे आकडे आणि घराचा पत्ता, मजल्यासकट, पाठ करून घ्या.

कपड्यांनी पेट घेतला तर धावायचं नाही: थांब, पड, लोळ, तोंडावर हात. दिवाळीआधी हे एकदा करून घ्याच. भाजलं तर त्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी आणि मग डॉक्टर. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. आजी-आजोबांना हे आधीच समजावून ठेवलेलं बरं.

आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा बघत जा. त्याच्यासमोर चपलांचा रॅक लावू नका. वार्षिक सर्व्हिसिंगला शक्यतो मुलं घरी असतील अशी वेळ द्या. आमचा माणूस त्यांच्याबरोबर चादरीखालून रांगायला तयार असतो, त्याचे पैसे नाहीत.