जोकर नऊ वेळा रिंगणात का येतो?

जानेवारीत आमच्या तालुक्याच्या गावी, बैलबाजाराच्या मैदानावर सर्कस लागली होती. कापसाचा दुसरा वेचा होऊन गेलेला, तुरी सोंगणीला आलेल्या, म्हणजे लोकांच्या खिशात थोडाफार पैसा खुळखुळण्याचे दिवस. तरी तंबू निम्मा रिकामा होता. दोन तासांच्या खेळात जोकर नऊ वेळा आला. मी मोजलं नाही, माझा आठ वर्षांचा भाचा बोटांवर मोजत होता. मध्यंतरात म्हणाला, "मामा, ह्या सर्कशीत जोकरच लय येऊन राहिला."

पोट्ट्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या लहानपणी जोकर इतका येत नसे. पण तो मुळात रिंगणात आला कसा, हे पाहायला अडीचशे वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथे जोकर नव्हे, घोडा भेटतो.

१७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली हा घोडदळातून बाहेर पडलेला शिपाई धावत्या घोड्यावर उभं राहण्याचे खेळ दाखवू लागला. सरळ धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभं राहणं महाकठीण. घोडा गोल धावला तर स्वार आतल्या बाजूला कलतो आणि फिरण्याच्या वेगाचाच त्याला टेकू मिळतो. गोल फार लहान केला तर घोडा अडखळतो, फार मोठा केला तर तो टेकू जातो. असं करत करत ॲस्टली ४२ फूट व्यासावर थांबला, आणि पुढे जगभरच्या सर्कशींनी हेच माप उचललं. पण नुसते घोडे किती वेळ पाहणार? घोड्यालाही दम खाऊ द्यावा लागतो. म्हणून मधल्या वेळात दोरीवर चालणारे, कोलांट्या मारणारे आणि एक विदूषक आले. या विदूषकाचा गाजलेला खेळ म्हणजे घोड्यावर बसता न येणारा शिंपी. आधी त्याला चढताच येत नाही, चढला तर घोडा हलत नाही, आणि हलला तर थांबत नाही.

म्हणजे जोकर रिंगणात आला तोच फट बुजवायला.

आमच्या मैदानावर त्या रात्री जोकर सायकल घेऊन आला. हँडल हातात आलं, सीट निघून पडली, पायडल मारलं तर सायकल मागेच जायला लागली. शिंपी गेला, घोडा गेला, खेळ तोच. खेळ सुटल्यावर मी रिंगण पावलांनी मोजून पाहिलं. सतरा पावलं भरली. माझं पाऊल अडीच फुटांचं धरलं तर हिशेब जवळपास जमतो. तंबूत घोडा एकही नव्हता, पण घोड्यासाठी आखलेला गोल तेवढा राहिला होता.

हा गोल आपल्याकडे आला तो मराठी माणसाच्या ईर्षेतून. विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडच्या अंकलखोपचे. ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकलेले, आणि घोड्यांच्या बाबतीत पक्के जाणकार. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पागेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १८७९च्या सुमारास मुंबईत ज्युसेप्पे किआरिनी या इटालियन माणसाची सर्कस आली. हिंदुस्थानी लोकांना असा खेळ उभा करायला अजून बराच काळ लागेल, असं किआरिनी बोलला आणि ते छत्र्यांना झोंबलं, अशी हकिगत सांगतात. ती तशीच घडली की नंतर रंगली, कोण जाणे. छत्र्यांनी किआरिनीचंच सामान विकत घेतलं आणि २० मार्च १८८० रोजी मुंबईत ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ लावला, एवढं मात्र खरं. मला या माणसाची एक गोष्ट फार आवडते. गुरूचा मुलगा रहिमतखाँ, ज्यांना लोक भूगंधर्व म्हणत, त्यांना छत्र्यांनी स्वतःजवळ सांभाळलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव फिरवलं. एका तंबूत वाघ आणि शेजारच्या राहुटीत ख्याल!

छत्र्यांच्या मागोमाग त्याच मुलखातून म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची अशा सर्कशी निघाल्या. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे पोरवयातच सर्कशीत शिरले आणि पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्समध्ये वाघ-बिबट्यांचे रिंगमास्टर म्हणून नावाजले.

आमच्या विदर्भात सर्कस यायला दोन गोष्टी लागल्या : रूळ आणि कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते ६५ या काळात, वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला. १८६७मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. हिंगणघाट, खामगाव, अकोट, वणी या गावांत जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. मोठ्या तंबूला रेल्वेचा आधार लागे. मराठीत मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, आणि सर्कशीचे वाघ खरोखर वाघिणींतून येत. स्टेशनवर पिंजरे उतरत असताना गर्दी व्हायची ती खेळाइतकीच. हत्ती मात्र स्टेशनवरून मैदानापर्यंत पायी येई, आणि ती सर्कशीची फुकटची जाहिरात असे. वाटेत बाया त्याच्या सोंडेत केळी द्यायच्या.

हंगामही ठरलेला. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत मेख धरत नाही. ओढली की लोण्यातून सुरी निघावी तशी निघते, आणि ट्रक एकदा रुतला की बैलजोड्या बोलवाव्या लागतात. म्हणून दिवाळी ते होळी. जत्राही याच काळातल्या. सातपुड्याच्या पायथ्याची बहिरमची यात्रा डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास भरते आणि महिनाभर हलत नाही. राहुट्या, हंडीतलं मटण, रोडगे, पाळणे, आणि एके काळी तंबूतला सिनेमा. ज्याच्याकडे तंबू आहे त्याने हंगामात इकडे यायचं, हे गणित सर्कसवाल्याला, तमाशावाल्याला आणि टुरिंग टॉकीजवाल्याला सारखंच ठाऊक होतं.

पण कसरत आणि हसवणूक इथे सर्कशीने आणली, असं म्हणणं म्हणजे नदीला पाण्याची ओळख करून देण्यासारखं. डोंबारी ढोलकी वाजवत गावात शिरायचा, दोन कैच्या उभ्या करून दोर ताणायचा आणि त्याची पोरगी हातात आडवी काठी धरून त्यावरून चालायची. बहुरूपी फौजदार बनून ओट्यावर यायचा आणि घरच्या म्हाताऱ्याला वॉरंट दाखवायचा. पूर्व विदर्भात दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं होती, पुढे झाडीपट्टीची नाटकं आली. वडसा देसाईगंजला आजही त्यांच्या मंडळांचा बाजार भरतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. त्यांच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. मल्लखांबावरचं पोरगं आणि झुल्यावरचं पोरगं यांच्या अंगात फरक काही नसतो. फरक पडतो तो तिकिटाचा. डोंबाऱ्याने खेळ संपल्यावर थाळी फिरवली, सर्कसवाल्याने खेळाआधीच दारावर पैसे घेतले. आमच्या आबाजींना हे फार खटकायचं. "डोंबारी खेळ दावून मांगते, हे मांगून खेळ दावते," असं ते म्हणत.

सर्कस मराठी माणसाने सुरू केली, मग झुल्यावरची बरीच मंडळी मल्याळी कशी? याचंही उत्तर छत्र्यांपाशीच आहे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन हे कसरतीचे शिक्षक त्यांना भेटले, आणि त्यांनी मुलं तयार करायचं मनावर घेतलं. १९०१मध्ये कुन्हिकण्णन यांनी तिथे सर्कशीची शाळाच काढली. हिंदुस्थानभर तंबूंना कलावंत पुरवणारं गाव म्हणून तलश्शेरीचं नाव झालं. १९५१ साली गुजरातेत बिलीमोऱ्याला जेमिनी सर्कस सुरू झाली, तिचे मालक शंकरनही त्याच मातीतले. म्हैसाळ-अंकलखोपची मक्तेदारी तोवर संपली होती.

आता नऊ वेळांच्या हिशेबाकडे येतो. माझ्या शाळकरी वयात, ऐंशीच्या दशकात, सर्कस म्हणजे जनावरं. दिवसा मागच्या बाजूने फेरी मारून पिंजरे पाहता येत. त्यांतला एक सिंह मला अजून आठवतो. बरगड्या मोजता येतील असा, आणि पाण्याच्या पाळ्यात हिरवं शेवाळ. रात्री तोच सिंह स्टुलावर बसून जबडा उघडायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. १४ ऑक्टोबर १९९८च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद केले. सर्कसवाले न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयात हरले, आणि १ मे २००१ला सर्वोच्च न्यायालयानेही बंदी कायम ठेवली. जनावरं गेल्याने सर्कस मेली, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तो सिंह दिवसाउजेडी पाहिला नसावा.

बंदीने खेळातला निम्मा वेळ मात्र मोकळा झाला, हे खरं. दुसरा घाव २०११चा. सर्कशीत मुलांना कामाला ठेवायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. त्यामागे पळवून आणलेल्या, डांबून ठेवलेल्या मुलांच्या हकिगती होत्या. निकाल योग्यच होता. पण झुल्यावरचं अंग लहानपणीच वळतं, आणि तंबूतली जुनी तालीम तिथे तुटली. आता परदेशातून कलावंत आणावे लागतात, नाहीतर ईशान्येकडून आणि नेपाळातून. ते महाग पडतात. मग मोकळा वेळ कोणी भरायचा?

जोकर भरतो. त्याला ना परवाना लागतो, ना चारा.

त्याचं काम जवळून पाहिलं तर कळतं. झुल्याचा खेळ शेवटी होता, त्याआधी जाळी बांधायची होती. सहा-सात माणसं जाळी ओढत आली, कोपऱ्यांचे दोर लोखंडी मेखांना आवळू लागली. दहा-बारा मिनिटांचं काम, आणि तेवढा वेळ लोकांचं लक्ष जाळीकडे जाऊ द्यायचं नाही. तिकडे दोघा जोकरांची जुंपली होती. एकाच्या हातात एक पट्टी. ती एका लाकडाची नसते, एका मुठीत बसवलेल्या दोन पातळ फळ्या असतात. पाठीवर हलकी टेकली तरी फळीवर फळी आपटून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. मार खाणारा आवाजाच्या आधी उडी मारायला लागला की खेळ फसला, नंतर मारली तरी फसला. हे दोघं एकदाही चुकले नाहीत. मध्येच एकजण थांबून लोकांना म्हणाला, "आपके गाँव की सांबारवडी खाई, तब से पेट में यही आवाज़ है!" बायकांच्या बाजूने जो हशा उठला तो माईकपेक्षा मोठा होता. आदल्या दिवशी बाजारात कुठेतरी पुडाची वडी, म्हणजे कोथिंबिरीची हीच सांबारवडी, खाऊन त्याने ही गोष्ट उचलली असणार. पुढच्या गावी वडीच्या जागी तर्री येईल. हशा ओसरेपर्यंत जाळी ताणून झाली होती, आणि एक माणूस तिच्यावर उड्या मारून दोर तपासत होता.

मग वीज गेली. जनरेटर दोनदा धापा टाकून बंद पडला. वर दोन माणसं झुल्याच्या फळीवर तशीच उभी. खाली पोरं किंचाळायला लागली, मागून शिट्ट्या, कोणीतरी पैसे परत मागितले. अंधारातच जोकराचा आवाज आला. त्याने सगळ्यांना मोबाइलचे दिवे लावायला सांगितले, आणि त्या उजेडात स्वतःच्याच सावलीशी भांडायला लागला. सावली कनातीवर त्याच्या चौपट उंच झाली होती. तो जोकर उंचीने माझ्या भाच्यापेक्षा फार मोठा नव्हता. बुटक्या माणसाला जोकर करायचा हा सर्कशीचा जुना रिवाज, आणि त्याच्या उंचीवरच निम्मे विनोद. मला ते पूर्वीही आवडत नव्हतं, आताही नाही. त्या दहा मिनिटांत मात्र उंचीवर हसण्याची संधी त्याने कोणाला दिलीच नाही. दिवे आले तेव्हा पैसे मागणारा माणूस टाळ्या वाजवत होता.

झुल्याच्या खेळात तिसरा जोकर वर चढला. ढगळ पँट, डोळ्यांवर आणलेला घाबरटपणा. एका झुल्यावरून सुटला, दुसरा हुकला, लोकांचा श्वास अडकला, आणि पकडणाऱ्याच्या हातात त्याची फक्त पँट राहिली. हे चुकणं बरोबर जमवायला बाकीच्यांपेक्षा जास्त तयारी लागते. १८५९ साली पॅरिसमध्ये ज्यूल लेओतारने पहिल्यांदा एका झुल्यावरून दुसऱ्यावर झेप घेतली. तेव्हापासून या खेळाचा जीव सुटण्या-धरण्याच्या त्या निमिषात आहे, आणि हा माणूस ते निमिष मुद्दाम चुकवून दाखवतो.

खेळ सुटल्यावर जोकरांपैकी एकजण मागच्या बाजूला बादलीत तोंड धूत होता. तोंडावरचा पांढरा रंग खोबरेल तेलाने निघतो, पाण्याने नुसता पसरतो. वय पंचेचाळीसच्या पुढे असावं. मी विचारलं, जोकरी कुठे शिकलात? म्हणाला, शिकलो नाही. वीस वर्षं झुल्यावर पकडायचं काम केलं, मग उजवा खांदा निखळला, तो नीट बसलाच नाही. "पकड़ना बंद हो गया, तो मालिक ने नाक लगा दी." आणखी विचारणार होतो, तेवढ्यात कनात सोडायला त्याला हाक आली. डाव्या खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून तो गेला.