'छापून आलंय'पासून 'फॉरवर्ड'पर्यंत

1882 च्या जुलैमध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'ने केला होता. आधार होता बर्व्यांच्या नावावरच्या काही पत्रांचा. ती पत्रं बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी शिक्षा टळली नाही. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचं जोरदार स्वागत केलं.

मराठी वृत्तपत्रांवरच्या विश्वासाची गोष्ट 6 जानेवारी 1832 च्या 'दर्पण'पासून सांगायची पद्धत आहे. मला ती डोंगरीपासून सांगावीशी वाटते. बातमी चुकली होती, पण ती कुणी छापली हे वाचकाला ठाऊक होतं आणि चुकीची किंमत छापणाऱ्यांनी स्वतः मोजली. "पेपरात छापून आलंय" एवढ्यावर घरातला वाद मिटायचा, त्या शब्दांना हे वजन होतं.

ते हळूहळू ओसरलं. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत 'पॅकेज' हा शब्द, म्हणजे पैसे मोजून बातमीच्या रूपात प्रचार छापून घेणं, उमेदवारांच्या तोंडी रुळला होता. एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर, शब्दन् शब्द तोच, वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आला. 'जाहिरात' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांच्या उपसमितीने 2010 मध्ये नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला, पण कौन्सिलने तो तेव्हा जाहीर केला नाही. दुसऱ्यांवर बोट ठेवणाऱ्या माध्यमांनी स्वतःची चूक अशी झाकली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग मोबाइल आला, आणि बातमीला धनीच उरला नाही. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाच्या मारहाणीत ठार झाले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवर आधीपासून फिरत होती. त्या काळात देशभर पसरलेली एक चित्रफीत कराचीतली होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात, असं तिच्यात दिसायचं. मूळ फितीत ते लगेच मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. ती जनजागृतीची जाहिरात होती. कुणीतरी शेवटचे काही सेकंद कापले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. वेग कमी झाला, पारख मात्र शिकवावीच लागते. केरळच्या कण्णूर जिल्ह्याने ते मनावर घेतलं. गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांमुळे तिथे पालक लस द्यायला बिचकत होते. 2018 मध्ये जिल्हा प्रशासनाने सुमारे 150 सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाचे वर्ग सुरू केले. खोटे संदेश कसे पसरतात आणि ते कसे तपासायचे, हे मुलं तिथे गणित-विज्ञानाच्या बरोबरीने शिकू लागली.