उंदरांसाठी गिफ्ट

जर्मनीत नव्याने गेलेला मराठी माणूस दुकानात एकदा तरी दचकतो. बागकामाच्या सामानाची रांग असते, खालच्या फळीवर एक खोका असतो, खोक्यावर उंदराचं चित्र आणि वर ठळक अक्षरांत 'राटनगिफ्ट'. 'राट' म्हणजे उंदीर हे न शिकताही कळतं. पण उंदरांना गिफ्ट? कशाबद्दल?

जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष. विषारी वायू तो 'गिफ्टगास', विषारी अळिंबी ती 'गिफ्टपिल्त्स'. औषधांच्या दुकानात घातक रसायनं ठेवायचं कुलूपबंद कपाट ते 'गिफ्टश्रांक', आणि ग्रंथालयात सगळ्यांच्या हाती न देण्याच्या पुस्तकांचं कपाट असेल तर त्यालाही हेच नाव. एखादी गोष्ट शंभर टक्के होणार असं सांगायचं असेल तर जर्मन माणूस म्हणतो, 'यावर तू खुशाल गिफ्ट घे.' आपल्याकडे अशा वेळी मिशी उतरवायची तयारी दाखवतात. तिथे थेट विष.

असल्या जोड्या युरोपीय भाषांत रग्गड सापडतात आणि त्यांतल्या पुष्कळशा निव्वळ योगायोगाच्या असतात. जर्मनीच्या कुठल्याही गावात 'राटहाउस' नावाची भारदस्त इमारत दिसते. ते उंदरांचं घर नव्हे, नगरपालिका. तिथला 'राट' म्हणजे सल्ला किंवा सभा. त्याचा आणि उंदराचा काडीचाही संबंध नाही (नगरपालिकेचे अनुभव आठवून कुणाला तो जोडावासा वाटला, तर ते भाषाशास्त्र नव्हे). 'गिफ्ट'चं मात्र तसं नाही. इंग्रजांची भेटवस्तू आणि जर्मनांचं विष हे एकाच आईचं लेकरू आहे.

ती आई म्हणजे 'देणे'. जर्मनमध्ये 'गेबेन', इंग्रजीत 'गिव्ह'. या भाषांना क्रियापदाच्या शेपटीला 'त' किंवा 'ट' लावून नाम करायची जुनी खोड आहे : ड्राइव्हपासून ड्रिफ्ट, थ्राइव्हपासून थ्रिफ्ट, तसं गिव्हपासून गिफ्ट. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ फक्त 'देणं', किंवा 'जे दिलं ते'. काय दिलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं, हे त्या शब्दात कुठेच नाही. जे सांगायचं राहिलं, ते प्रत्येक भाषेने आपल्या मनाने भरून घेतलं.

जर्मनांनी विष का भरलं? याचा एक धागा ग्रीक वैद्यांपर्यंत जातो. ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणं. वैद्याने रोग्याला एका वेळी जेवढं द्यायचं, तेवढीच त्याची 'दोसिस' झाली. हा शब्द लॅटिन वैद्यकाच्या ग्रंथांतून सगळ्या युरोपभर फिरला आणि पुढे इंग्रजीमार्गे आपल्याकडे 'डोस' होऊन आला, इतका मुरला की आता आपण उपदेशाचेही डोस पाजतो. भाषाशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की जर्मन 'गिफ्ट'चा अर्थ याच 'दोसिस'च्या वळणावर गेला. धातू वेगळा, पण अर्थाची चाल उसनी घेतलेली. वैद्याने दिलेलं ते गिफ्ट. आणि वैद्य सोडून दुसऱ्या कुणी गुपचूप दिलेलं, तेही गिफ्टच. विषाचं नाव तोंडाने घ्यायला माणसं कचरतात. आपल्याकडेही एखादा चांगला धडधाकट माणूस अचानक अंथरुणाला खिळला की ओट्यावर कुजबुज होते, 'त्याला कुणीतरी काहीतरी दिलंय.' या वाक्यात 'विष' हा शब्द नाही आणि ऐकणाऱ्याला त्याची गरजही पडत नाही. जर्मनांनी 'काहीतरी' गाळलं आणि 'दिलंय' तेवढं ठेवलं.

हे दोन शब्द एकाच ओळीत भेटतात ते पॅरासेल्सस या स्विस वैद्याच्या लेखनात. १५३८ साली विरोधकांना उत्तर देताना त्याने जर्मनमध्ये लिहिलं : सगळ्याच गोष्टी गिफ्ट आहेत आणि गिफ्टावाचून काही नाही, एखादी गोष्ट गिफ्ट ठरत नाही ती केवळ दोसिसमुळे. विषशास्त्राच्या वर्गात हे वाक्य आजही पहिल्या दिवशी सांगतात. त्यातली गंमत अशी की व्युत्पत्तीने पाहिलं तर त्याच्या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, 'देणं'.

मराठी माणसाला यात फार नवल वाटायला नको. आपण ढेकणाचं औषध आणतो, उंदराचं औषध ठेवतो, कपाशीवर औषध मारतो. ढेकणाचा कुठलाही आजार बरा करायचा आपला विचार नसतो. कीटकनाशकाच्या डब्यावर कवटी छापलेली असली तरी शेतकऱ्याच्या तोंडी ते औषधच. आणि खेड्यात कुणी खालच्या आवाजात 'त्यानं औषध घेतलं' म्हणालं, तर ऐकणारा कुठल्या दवाखान्याचं ते विचारत नाही. ग्रीकांचा 'फार्माकोन' शब्द नेमका असाच दोन्हीकडे चालायचा : औषधालाही तोच, विषालाही तोच. त्यातूनच पुढे फार्मसी आली.

खरं तर युरोपने विषाला सरळ नाव फारसं दिलंच नाही. इंग्रजी 'पॉयझन' घ्या. तो फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिन 'पोतिओ'पासून. 'पोतिओ' म्हणजे पेय, घोट. त्याचा धातू आणि आपल्या 'पिणे', 'पान', 'पेय' यांचा धातू एकच. तोच लॅटिन शब्द इंग्रजीत पुन्हा एकदा, दुसऱ्या दाराने आला आणि 'पोशन' झाला, जादूगाराने पाजायचा काढा. एकाच घोटाची दोन रूपं, एक मारणारं आणि एक भुलवणारं.

'टॉक्सिक'ची कथा मला याहून आवडते. ग्रीकमध्ये 'टॉक्सोन' म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायच्या विषाला ग्रीक म्हणायचे 'टॉक्सिकोन फार्माकोन', धनुष्याचं औषध. वापरून वापरून बोलण्यातलं दुसरं पद गळालं. म्हणजे औषध गेलं, विष गेलं, मागे राहिलं ते नुसतं 'धनुष्याचं', आणि सगळा विखार त्या बिचाऱ्या विशेषणात उतरला. आज कुणी ऑफिसातल्या वातावरणाला टॉक्सिक म्हणतं, तेव्हा शब्दशः ते 'धनुष्याचं' वातावरण असतं.

या सगळ्या आडवळणांत एक शब्द सरळ उभा आहे. लॅटिन 'वीरुस' म्हणजे विष, आणि हा आपल्या 'विष' शब्दाचा सख्खा भाऊ. १८९८ साली मार्टिनस बेइरिंक या डच शास्त्रज्ञाला तंबाखूच्या रोगट पानांच्या रसात, जिवाणू अडकतील अशा गाळणीतूनही पार होणारं काहीतरी रोगकारक आढळलं. त्यासाठी त्याने हा जुना शब्द वापरला आणि त्यातून आजचा 'व्हायरस' रुळला. मराठीत त्याला प्रतिशब्द झाला 'विषाणू'. इंग्रजी शब्दाचा नुसता अर्थ लावून केलेला हा शब्द हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या भावाच्या शेजारी नेमका जाऊन बसला. पारिभाषिक शब्दांची आपण एरवी बरीच टिंगल करतो. हा मात्र लाखात एक.

'दोसिस'चंही आपल्याशी नातं आहे. ग्रीक 'दिदोमि' आणि संस्कृत 'ददामि' शेजारी ठेवले की वेगळं काही सांगावं लागत नाही. लॅटिन 'दोनुम' म्हणजे दान. रोमन लोक पत्राच्या शेवटी पत्र कुठे आणि कोणत्या दिवशी हवाली केलं ते लिहीत : 'दाता', म्हणजे 'दिलेलं', अमुक गावी, अमुक दिवशी. यातही पुढे दिवस आणि 'दिलेलं' यांची सांगड बसली आणि 'डेट' म्हणजे तारीख होऊन बसली. अनेकवचनी 'दिलेल्या गोष्टी' म्हणजे डेटा. सकाळच्या गोळीचा डोस, मोबाइलचा डेटा आणि देवळातलं दान, सगळा एकाच घराण्याचा पसारा.

डच लोकांनी 'गिफ्ट'ची दोन्ही टोकं धरून ठेवलीत. त्यांच्याकडे 'गिफ्ट' म्हणजे देणगी, आणि प्राप्तिकराच्या विवरणात अशा देणग्यांवर सवलतही मिळते. पण 'गिफ्टिग' म्हणजे विषारी. उच्चार 'खिफ्ट'च्या जवळ जातो, तो भाग वेगळा.

आणि जर्मनांनी सुद्धा जुना अर्थ पुरता फेकून दिलेला नाही. तो एका जोडशब्दात दडून बसला आहे : 'मिटगिफ्ट', सोबत दिलेलं, म्हणजे मुलीबरोबर पाठवलेला हुंडा. व्याकरणाने तर इथे पुरावाच ठेवला आहे. नुसतं विषवाचक गिफ्ट नपुंसकलिंगी, पण मिटगिफ्ट स्त्रीलिंगी, कारण 'देणं' या अर्थाचा मूळ शब्द स्त्रीलिंगी होता. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२४ साली भेट आणि विष या जोडीवर एक छोटा निबंध लिहिला होता. भेट घेतली की परतफेडीचं ओझं मानेवर बसतं, असा त्याचा रोख. लग्नातल्या आहेरांची वही जपून ठेवणाऱ्या घरांना हे समजावून सांगायला फ्रान्सहून कुणी यायची गरज नाही, पण त्याचं निरीक्षण पक्कं आहे.

हुंड्याशी आलो आहोत तर लग्नाकडे वळू. मराठीत 'धाकटी कुठे दिली?' असं कुणी विचारलं की 'कऱ्हाडला दिली' असं उत्तर येतं, आणि दोघांनाही काय दिलं ते कळलेलं असतं. मुलगा मात्र 'दिला' म्हटला तर तो दत्तक गेला. देणे या क्रियापदात लग्न असं गुपचूप शिरतं, आणि उत्तर युरोपात ते 'गिफ्ट'मध्ये शिरलं.

सातव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या दक्षिणेत वेसेक्सचा राजा इने याने कायदे केले. त्यात एक कलम आहे : एखाद्याने बायको खरेदी केली आणि 'ग्युफ्ट' पार पडलंच नाही, तर घेतलेले पैसे परत करायचे आणि वर तेवढेच भरायचे. हे 'ग्युफ्ट' म्हणजेच आजचं गिफ्ट, आणि इथे अर्थ लग्न, मुलगी देणं. जुन्या इंग्रजीत अशा जागी 'ग'चा उच्चार 'य'च्या जवळ असे. तीच परंपरा सरळ चालू राहिली असती तर आज इंग्रज वाढदिवसाला 'यिफ्ट' देत असते. मध्ययुगीन इंग्रजीत तसं रूप सापडतंही. मग हा कडक 'ग' आला कुठून? व्हायकिंगांकडून. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडच्या टोळ्या इंग्लंडवर चालून आल्या, लुटून झाल्यावर पुष्कळ जण तिथेच शेती करून राहिले, आणि त्यांच्या बोलीतला कडक 'ग' शेजाऱ्यांच्या तोंडी बसला. 'गिव्ह'चं तसंच आणि 'गिफ्ट'चंही तसंच.

पण पुढे खुद्द स्वीडन आणि नॉर्वेत 'ग' मऊ पडला. आज स्वीडिश माणूस लिहितो गिफ्ट आणि म्हणतो 'यिफ्ट'. व्हायकिंगांचा उच्चार त्यांच्या या वारसांनी सोडला आणि लुटल्या गेलेल्यांनी जपून ठेवला.

स्वीडिशमध्ये या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात : नाम म्हणून यिफ्ट म्हणजे विष, विशेषण म्हणून यिफ्ट म्हणजे विवाहित. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही तेच. यावरचे विनोद तिथे इतके जुने झालेत की आता कुणी हसत नाही. उपसर्ग-प्रत्ययांच्या बाबतीत मात्र सांभाळावं लागतं : 'उयिफ्ट' म्हणजे अविवाहित आणि 'उयिफ्टिग' म्हणजे बिनविषारी. शेवटच्या एका अक्षराने माणसाचा साप होतो.

स्वीडनच्या १७३४ सालच्या कायदेसंहितेचा पहिलाच भाग विवाहाचा होता, आणि त्याच्या नावातही हाच शब्द होता. त्या कायद्यात 'यिफ्टुमान' नावाची एक व्यक्ती असे : मुलीला लग्नात द्यायचा हक्क असलेला पुरुष, सहसा बाप, तो नसेल तर दुसरा कुणी पालक. देणारा तो, दिलेली ती. काळाबरोबर यिफ्टुमान कायद्यातून गेला. १९८७ च्या नव्या विवाहकायद्याने नावातूनही 'देणं' काढून टाकलं आणि वेगळाच शब्द घेतला. २००९ पासून दोन पुरुष किंवा दोन स्त्रियाही तिथे एकमेकांशी लग्न करू शकतात. आता कुणी कुणाला देत नाही. तरी वैवाहिक स्थिती विचारली की नवरा सांगतो यिफ्ट, बायको सांगते यिफ्ट, आणि स्वयंपाकघरात उंदीर झाले तर दुकानातून आणायचं तेही यिफ्टच.